ऑफशोअर पॉवरबोट शर्यत: आठ तासांची सफर तासाभरावर कशी आली

१९६० सालच्या मायामी ते नासाऊ शर्यतीत ‘मॉपी’ नावाची ३० फुटी लाकडी बोट पहिली आली. तिला सुमारे ८ तास लागले. अंतर १६० सागरी मैलांच्या आसपास, लाटा ८ फुटांच्या, वारा ३० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). सरासरी वेग पडला ताशी ३७ किलोमीटर. दुसरी बोट साधारण दोन तासांनी पोचली आणि बाकीच्यांपैकी ज्यांना जमलं ते थेट दुसऱ्या दिवशी. आज क्लास वन या सर्वांत वरच्या गटातल्या बोटी ताशी २५० किलोमीटरच्या घरात जातात, शर्यत तासाभरात आटोपते आणि मार्गाचा बराचसा भाग किनाऱ्यावर उभं राहून दिसतो.

खेळाचं नाव बदललं नाही. पण तेव्हाची बोट पाण्यातून वाट काढायची, आजची बोट आपला बराचसा भार हवेवर टाकून पाण्याला टेकत टेकत जाते. तळाचा आकार, बोट ढकलणारा पंखा (प्रोपेलर), इंजिन, आतल्या माणसांची कामं, अपघाताची तऱ्हा हे सगळं या एका फरकामुळे बदललं.

आधी एक गल्लत दूर करू. नदीत किंवा तलावात आखूड मार्गावर धावणाऱ्या बोटी वेगळ्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमरावतीला कृष्णेच्या पात्रात फॉर्म्युला वन बोटींची शर्यत झाली, ती त्या प्रकारातली. ऑफशोअर शर्यत उघड्या समुद्रात होते आणि लाटा हा तिचा भागच असतो. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी वन मालिकेच्या बोटी धावल्या, त्या या कुळातल्या, पण धाकट्या: २८ फूट लांब आणि सगळ्यांना सारखंच २५० अश्वशक्तीचं इंजिन.

पोचणं हीच परीक्षा होती तेव्हा

मायामी–नासाऊ शर्यत १९५६ साली सुरू झाली. पहिली शर्यत कॅप्टन सॅम ग्रिफिथ यांनी जिंकली आणि त्यांच्यासोबत होते बोटींचे व्यापारी डिक बर्ट्राम. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये सर मॅक्स एटकिन यांनी काउज ते टॉर्की शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी २७ बोटी निघाल्या, ९ पोचल्या. हा आकडा त्या काळाबद्दल पुष्कळ सांगून जातो. वेग किती यापेक्षा बोट धडपणे पलीकडे नेता येते का, हा खरा प्रश्न होता. १९६४ पासून जागतिक विजेतेपद सॅम ग्रिफिथ यांच्या नावाच्या चषकाने दिलं जाऊ लागलं.

त्या बोटींत सहसा तीन माणसं असायची. एक सुकाणूवर, एक थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर, आणि एक दिशा ठरवणारा, म्हणजे नॅव्हिगेटर. नॅव्हिगेटरचं काम आज विस्मरणात गेलंय, पण शर्यत बहुतेकदा तोच जिंकून द्यायचा. सागरी नकाशा, होकायंत्र आणि स्टॉपवॉच एवढीच त्याची साधनं. वेग गुणिले वेळ हे अंतर, त्यात भरती-ओहोटीच्या प्रवाहाची आणि वाऱ्याने होणाऱ्या सरकण्याची वजाबाकी. दिशा ३ अंशांनी चुकली तर २० मैलांवर तुम्ही खुणेपासून एक मैल बाजूला असता. बोट आपटत असताना होकायंत्राची तबकडी स्थिर राहत नाही, नकाशावरची रेघ डोळ्यांना नीट दिसत नाही. म्हणून चांगला नॅव्हिगेटर आदल्या रात्रीच प्रत्येक टप्प्याची दिशा, मिनिटं आणि दिसू शकणाऱ्या खुणा मोठ्या अक्षरांत लिहून प्लास्टिकखाली ठेवायचा. १९६९ मध्ये ब्रिटनला पूर्ण फेरी मारणारी शर्यत झाली, तेव्हा धुक्यात ही विद्या पणाला लागली. ती शर्यत जिंकणाऱ्यांत फिनलंडचा मोटार रॅलीपटू टिमो मॅकिनेन होता.

जीपीएस आलं आणि हे काम संपलं. सोय झाली, जीवही वाचले. पण समुद्र वाचणारा माणूस बोटीतून उतरला आणि त्याबरोबर या खेळाचं एक अंग गेलं, ते परत आलेलं नाही.

तळ: इंग्रजी ‘व्ही’ अक्षरापासून बोगद्यापर्यंत

‘मॉपी’ जिंकली ती इंजिनाच्या जोरावर नव्हे. तिचा तळ रे हंट यांनी आखला होता. १९५८ मध्ये न्यूपोर्टला अमेरिका कप शर्यतींच्या वेळी हंट यांची एक छोटी बोट लाटांवरून सहज जाताना बर्ट्राम यांनी पाहिली आणि मोठी करवून घेतली. त्याआधीच्या वेगवान बोटींचा तळ पुढे टोकदार आणि मागे जवळजवळ सपाट असे. सपाट तळ शांत पाण्यावर उत्तम धावतो, पण लाटेवरून खाली येताना सगळा एकदम आपटतो. तळहात पाण्यावर सपाट मारला तर झणझणतो आणि कडेने घातला तर आत शिरतो, तसाच हा फरक. हंट यांनी सुमारे २४ अंशांचा उतार नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, थेट मागच्या फळीपर्यंत कायम ठेवला. शिवाय तळाला लांबीच्या दिशेने पट्ट्या बसवल्या. त्या पाण्याचे फवारे खाली वळवतात आणि बोटीला वर उचलतात.

याची किंमत असते. खोल तळाला त्याच वेगासाठी जास्त ताकद लागते आणि उभी असताना बोट डोलते. पण खवळलेल्या पाण्यात दुसरा इलाज नव्हता. पुढची वीसेक वर्षं हाच तळ राज्य करत होता. डॉन अ‍ॅरोनाव यांनी ‘फॉर्म्युला’, ‘डोन्झी’, ‘मॅग्नम’ आणि ‘सिगारेट’ या नावांनी एकामागून एक बोटी काढल्या, त्या याच वंशातल्या. अ‍ॅरोनाव १९६७ आणि १९६९ चे जगज्जेते.

याच पिढीतला एक मोठा आरेखक मुंबईत घडला, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. रेनाटो ऊर्फ सनी लेव्ही यांचा जन्म १९२६ चा, कराचीचा. बोटी बांधण्याची सुरुवात त्यांनी मुंबईत, वडिलांच्या व्यवसायात केली आणि नंतर ते इटलीला गेले. त्यांच्या ‘आ स्पेरांझिएला’ने १९६३ ची काउज–टॉर्की शर्यत जिंकली आणि ‘सर्फ्युरी’ने १९६७ ची. वरून पाहिलं तर पुढे निमुळता आणि मागे रुंद असा त्यांचा आकार ‘डेल्टा’ म्हणून ओळखला गेला. अर्धं पातं पाण्याबाहेर ठेवून फिरणाऱ्या पंख्यावरही त्यांनी लवकर काम केलं. त्या पंख्याकडे पुढे येऊच.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅटामरान, म्हणजे जोडतळी बोटी, उघड्या समुद्रात उतरल्या. इंग्लंडच्या कूगर कंपनीचं नाव यात आघाडीवर. दोन अरुंद तळ आणि मध्ये बोगदा. वेग वाढला की बोगद्यात हवा दाबली जाते आणि ती बोटीला वर उचलते. पाण्याला लागणारं क्षेत्र कमी झालं की घर्षण कमी, म्हणजे तेवढ्याच इंजिनात जास्त वेग. ‘व्ही’ तळाच्या बाजूने बोलणारे म्हणत की मोठ्या लाटांत हे टिकणार नाही. त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. खूप खडबडीत पाण्यात एकतळी बोट आजही जास्त विश्वासाची वाटते आणि अमेरिकेत एकतळी बोटींचे वेगळे गट अजून धावतात. पण शर्यती किनाऱ्याजवळच्या, त्यामानाने मऊ पाण्यात आल्या आणि वाद आपोआप मिटला.

इटलीचे फाबिओ बुझी यांनी तिसरी वाट काढली: तळाला आडव्या पायऱ्या आणि डिझेल इंजिन. पायरीमागे हवा शिरते आणि पाण्याची चिकट ओढ सुटते. दोष असा की जोरात वळताना एका बाजूच्या पायरीची हवा कोंडली तर तेवढीच बाजू पाण्याला चिकटते आणि बोट गर्रकन फिरते. म्हणून पायऱ्यांची बोट वळवताना आधी वेग थोडा कमी, नाळ किंचित खाली, मग वळण, हा क्रम पाळावा लागतो.

वेग सहा-सातपट, धक्का पंचेचाळीसपट

पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३७ किलोमीटरने समोरून आलेलं पाणी एका चौरस सेंटिमीटरवर साधारण अर्ध्या किलोइतका दाब देतं. ताशी २५० ला तोच दाब २५ किलोच्या आसपास जातो. लाटांचंही तसंच. दोन लाटांत १२ मीटर अंतर धरलं तर ‘मॉपी’ला सेकंदाला एकही पूर्ण लाट भेटत नव्हती, आजच्या बोटीला सहाच्या जवळपास भेटतात.

म्हणून लाकूड मागे पडलं. आधी फायबरग्लास आलं. ‘मॉपी’च्या आकारावरून बनलेली ३१ फुटी बर्ट्राम बोट त्याचीच होती. मग केव्हलार आणि कार्बन तंतू आले. आता दोन पातळ कडक थरांच्या मध्ये हलका गाभा असतो. हे बांधकाम फार मजबूत, पण त्याचं दुखणं आतलं आहे. सततच्या आपटण्याने वरचा थर गाभ्यापासून सुटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. तपासणीची जुनी पद्धत अजून चालते: तळावर नाण्याने किंवा छोट्या हातोडीने टकटक करत जायचं. धड भागातून टणक आवाज येतो, सुटलेल्या भागातून बद्द. असा बशीएवढा भाग सापडला तरी तो कापून पुन्हा भरायचा असतो, कारण पुढच्या शर्यतीत तिथून पाणी आत घुसून पूर्ण थर सोलून निघू शकतो.

पंखा, इंजिन आणि इंधनाचा हिशेब

साध्या बोटीचा पंखा पूर्ण पाण्यात असतो. त्याच्याबरोबर शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा, आधार, सुकाणूचं पातं असं बरंच काही पाण्यात लोंबकळतं आणि ते सगळं बोटीला मागे ओढतं. १९५९ मध्ये व्होल्वोने बाजारात आणलेल्या स्टर्नड्राइव्हमागे जिम विन यांची कल्पना होती. इंजिन आत, पाय बाहेर आणि तो पाय वर-खाली झुकवता येतो. विन स्वतः १९६४ आणि १९६६ चे जगज्जेते. पुढे पंखा आणखी वर चढला. आज शर्यतीच्या बोटीत खालचं अर्धं पातंच पाण्यात असतं. मागे उडणारा उंच फवारा त्याचाच.

पंखा कसा निवडतात, ते एका उदाहरणाने पाहू. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा सिद्धांताने जितका पुढे जाईल तितकं अंतर. पिच ३६ इंच, इंजिनचे फेरे मिनिटाला ६०००, गिअरचं प्रमाण १.५ ला १. पंख्याचे फेरे झाले ४०००. पंखा मिनिटाला ३६५८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २१९ किलोमीटर जायला हवा. पाण्यात घसर असते. ती १० टक्के धरली तर बोट ताशी १९७ ला जाईल. घसर नेहमीपेक्षा अचानक वाढलेली दिसली तर तीन गोष्टी बघायच्या: पात्याची कड वाकली किंवा तुटली का, पाय फार उंच बसवला गेला का, नाळ फार वर झुकवली का. इंजिनवर संशय त्यानंतर.

इंजिनं आधी मोटारींचीच असत, समुद्रासाठी फेरफार केलेली. नंतरच्या काळात क्लास वनमध्ये लॅम्बोर्गिनीची ८.२ लिटरची १२ सिलिंडरची इंजिनं गाजली. सध्या अमेरिकेत भरणाऱ्या क्लास वनमध्ये मर्क्युरी रेसिंगची ११०० अश्वशक्तीची, जुळ्या टर्बोची इंजिनं चालतात, एका बोटीत दोन. सगळ्यांकडे सारखंच इंजिन असलं की पैशाच्या जोरावर पुढे जाण्याची वाट अरुंद होते. हा निर्णय योग्यच आहे. १९८० च्या दशकात श्रीमंत मालकांनी एकेका बोटीत चार-चार इंजिनं बसवली आणि बाकीच्यांनी खेळ सोडला.

शर्यत आखूड का झाली, याचं एक उत्तर टाकीत आहे. ११०० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन पूर्ण जोरावर तासाला ढोबळमानाने ३३० लिटर पितं. दोन इंजिनांचे ६६०. आठ तासांसाठी ५२०० लिटरहून जास्त इंधन लागेल, ज्याचं वजन चार टनांच्या जवळ जातं. क्लास वनची अख्खी बोट पाच टनांच्या आसपास असते.

खाऱ्या पाण्याचा त्रास मात्र पिढ्या बदलल्या तरी तोच आहे. बोट हवेत गेली की थंडाव्यासाठी पाणी घेणारं तोंड हवा ओढतं आणि तापमान चढतं. किनाऱ्याजवळ वाळू आणि शेवाळ गाळणीत अडकतं. शर्यत संपली की इंजिनातून दहा-पंधरा मिनिटं गोडं पाणी फिरवायचं, मगच बोट झाकायची. हे टाळलं की उष्णता-बदलकाच्या नळ्या आतून कुरतडल्या जातात आणि इंजिन नेमकं पुढच्या शर्यतीत तापतं.

थ्रॉटलवरचा हात

तीन माणसांची दोन झाली, पण थ्रॉटल सांभाळणारा राहिला, आणि या खेळातला खरा कारागीर तोच आहे. बोट लाटेवरून सुटली की पंखा पाण्याबाहेर येतो. ओझं गेलेलं इंजिन क्षणात मर्यादेपलीकडे फिरू लागतं. मग बोट खाली येते, भन्नाट फिरणारं पातं एकदम पाणी पकडतं आणि तो झटका शाफ्ट, गिअरचे दात किंवा पात्याचं मूळ यांपैकी जे सर्वांत कच्चं असेल ते तोडतो. म्हणून पंखा सुटण्याच्या क्षणी थ्रॉटल मागे आणि पाण्याला टेकताना पुन्हा पुढे. उशिरा मागे घेतला तर यंत्र जातं. टेकताना पुढे द्यायला उशीर झाला तर नाळ खाली वळते, पुढच्या लाटेत घुसते आणि बोट जागच्या जागी थांबल्यासारखी होते. आता इंजिनच्या फेऱ्यांवर इलेक्ट्रॉनिक लगाम असतो, त्यामुळे पहिली चूक थोडी माफ होते. दुसरी होत नाही.

स्टीव्ह कर्टिस यांनी थ्रॉटलवर बसून क्लास वनची आठ जागतिक विजेतेपदं मिळवली. कूगर बोटी बांधणारे क्लाइव्ह कर्टिस हे त्यांचे वडील. बेटी कुक यांचंही नाव घ्यायलाच हवं. १९७७ आणि १९७९ साली जगज्जेत्या झाल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि तो काळ उघड्या कॉकपिटमध्ये गुडघ्यांवर धक्के झेलण्याचा होता.

जोडतळी बोटीत आणखी एक नवी जबाबदारी आली: वारा. हवेची उचलही वेगाच्या वर्गाने बदलते. बोट ताशी २०० ने जातेय आणि समोरून ३० चा वारा आहे. हवेला लागणारा वेग २३० झाला आणि उचल ३२ टक्क्यांनी वाढली. खुणेच्या बोयाला वळसा घातला, वारा पाठीशी आला; हवेचा वेग १७०, उचल २८ टक्क्यांनी कमी. एकाच फेरीतल्या दोन सरळ रेषांमध्ये उचल पावणेदोन पटींहून जास्त बदलते. म्हणून वाऱ्यासमोर पंख्याचा पाय आत घेऊन नाळ दाबायची, गरज पडली तर पुढच्या टाकीत पाणी भरून वजन वाढवायचं, आणि पाठवाऱ्याला पाय बाहेर झुकवायचा. हे उलटं झालं किंवा विसरलं, तर समोरच्या वाऱ्यात नाळ एका मर्यादेपलीकडे उठते, बोगद्याखाली हवा कोंडते आणि बोट मागच्या बाजूने उलटी होते. नाळ उठू लागल्यावर हाती सेकंदही नसतो. एकतळी बोटींच्या जमान्यात हा अपघात फारच दुर्मीळ होता.

बंद कॉकपिट आणि उलट्या बोटीतून बाहेर पडणं

ऑगस्ट १९८७ मध्ये फॉर्म्युला वनचा माजी मोटारपटू दिदिए पिरोनी इंग्लंडच्या वाइट बेटाजवळ एका तेलवाहू जहाजाच्या लाटेवर बोट उलटून दोन सहकाऱ्यांसह मरण पावला. ३ ऑक्टोबर १९९० रोजी तेव्हाचा जगज्जेता स्तेफानो कासिरागी मोनॅकोजवळ शर्यतीत मरण पावला. त्याची ४२ फुटी जोडतळी बोट उघड्या कॉकपिटची होती. लढाऊ विमानाच्या काचेसारखी छत्री काही संघांनी त्याआधीच बसवायला सुरुवात केली होती. कासिरागीच्या मृत्यूनंतर बंद कॉकपिट आणि पट्टे यांबद्दलचे नियम कडक झाले.

पूर्वी माणूस बाहेर फेकला जायचा आणि पाण्यावर आदळून मरायचा. आता तो मजबूत कोषात बांधलेला असतो, त्यामुळे धक्क्यातून वाचतो; पण उलट्या बोटीत, अंधारात, पाण्याखाली अडकू शकतो. २०११ मध्ये की वेस्टच्या जागतिक स्पर्धेत एकाच आठवड्यात ३ शर्यतपटू मरण पावले. छत्री असली म्हणजे झालं असं नाही, हे तिथे पुन्हा सिद्ध झालं. आज कोषात हवेची नळकांडी, तोंडावर मास्क, मानेला आधार देणारी चौकट आणि तळातून बाहेर पडायची झडप असते.

शर्यतीआधी तलावात पिंजरा उलटा करून सराव घेतला जातो. क्रम असा: बोटीची हालचाल पूर्ण थांबेपर्यंत बसून राहायचं. हवा चालू आहे याची खात्री करायची. एका हाताने कोषातली ठरलेली पक्की वस्तू धरायची आणि ती सोडायची नाही, कारण उलटं झाल्यावर डावं-उजवं कळत नाही. दुसऱ्या हाताने झडप उघडायची. पट्टा सर्वांत शेवटी. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो. पट्टा आधी सोडतो, तरंगून छताला लागतो आणि झडप शोधत राहतो.

फेऱ्यांच्या शर्यतीचं सर्वांत मोठं समर्थन इथेच आहे. मार्ग काही मैलांचा असला तर वर हेलिकॉप्टर ठेवता येतं आणि पाणबुडे काही मिनिटांच्या आत पोचतात. १६० मैलांच्या सरळ मार्गावर हे शक्य नाही. दूरचित्रवाणी आणि प्रायोजकांना किनाऱ्याजवळची शर्यत हवी होती, हे खरं आहे. पण तेवढंच कारण सांगणं अन्यायाचं होईल. लांब पल्ल्याची हौस असणाऱ्यांसाठी काउज–टॉर्की–काउज आहे, आणि तिथे समुद्र वाचता येणाऱ्याला अजून किंमत आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत जेद्दाला ई वन ही विजेच्या बोटींची मालिका सुरू झाली. विराट कोहली तिथल्या एका संघाचा सहमालक आहे. या बोटी पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जातात आणि ५० नॉटपर्यंत जातात. उघड्या समुद्राला पुरेल इतकी बॅटरी अजून नाही, त्यामुळे त्या आडोशाच्या पाण्यातच धावतात आणि ऑफशोअरची जागा घेत नाहीत.

शर्यतीचं चित्रीकरण पाहताना आघाडीच्या बोटीवरच नजर ठेवू नका. बोटीच्या कडेचा फवारा कुठून सुरू होतो ते पाहा. जितका मागून, तितकी बोट हलकी. नाळ एका ठरावीक कोनात राहतेय की प्रत्येक लाटेला वर-खाली होतेय ते पाहा. आणि आवाज ऐका. प्रत्येक उडीला इंजिन किंचाळत असेल तर थ्रॉटलवरचा हात उशिरा येतोय, आणि ती बोट पुढे असली तरी तुटलेला शाफ्ट घेऊन मधेच थांबण्याची शक्यता मोठी.